एकाच दिवशी चौसष्ट पिशव्या

हे प्रकरण वर्धा जिल्ह्यातल्या चारशे घरांच्या एका गावाचं आणि तिथल्या सेवा मंडळाचं आहे. मी अकरा वर्षांपासून या मंडळाचा चिटणीस आहे. इतिवृत्ताची वही माझ्याकडे असते, त्यामुळे खालचे दिवस आणि आकडे त्याच वहीतले आहेत. गावाचं आणि माणसांचं नाव कुठंही घेतलेलं नाही. जिच्यावर प्रसंग आला तिच्या घरच्यांनी लिहायला होकार दिला, पण नाव नको म्हणाले, आणि ते बरोबरच आहे.

आमची बैठक दर गुरुवारी रात्री आठला समाजमंदिरात होते. आधी सामुदायिक प्रार्थना, मग बैठक. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो आणि पुढं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी. आमच्या आजोबांच्या पिढीनं महाराजांची खंजिरी प्रत्यक्ष ऐकलेली, त्यामुळे मंडळ कुणी स्थापन केलं असं सांगता येत नाही; प्रार्थनेला बसणारेच हळूहळू काम करायला लागले. रविवारचा बाजार उठला की सोमवारी पहाटे बाजाराची जागा झाडायची, ही गाडगेबाबांची शिकवण. २० डिसेंबरला, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, अख्ख्या गावात खराटा फिरतो. चैत्रात बसथांब्यावर पाणपोईचे रांजण, जूनमध्ये शाळेच्या पोरांना वह्या, आणि आश्विन वद्य पंचमीला महाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त रक्तदान शिबिर. कागदावर सदस्य बावीस.

प्रसंग घडला त्या वर्षी बैठकीला सहा-सात जणच येत होते. मागचं इतिवृत्त वाचायचं, जमाखर्च सांगायचा, एखाद्या ज्येष्ठानं वीस मिनिटं बोलायचं आणि उठायचं. आमच्यातल्या एकाचा भाचा तालुक्याच्या ठिकाणी रोटरीत आहे. तो म्हणाला की रोटरी १९०५ मध्ये शिकागोत सुरू झाली तेव्हापासून आठवड्याला भेटायची, पण २०१६ मध्ये त्यांनीही क्लबांना सूट दिली, महिन्यातून दोनदा भेटलं तरी चालतं. मग आपणच दर आठवड्याला कशाला? बैठक महिन्याला एकदाच घ्यावी असा ठराव नोव्हेंबरात मांडला गेला. मी स्वतः त्याला अनुमोदन दिलं होतं. मंजुरी डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी व्हायची होती.

शिबिर

त्या वर्षीचं शिबिर मंडळाच्या इतिहासातलं सर्वांत मोठं झालं. सोयाबीन घरात आलेलं, पहिल्या वेचणीचा कापूस दारात, दिवाळी तोंडावर, हवा थंडावलेली. लोकांच्या हातात दोन पैसे होते आणि मनात महाराज होते. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली झाली तोवर ६४ पिशव्या भरल्या होत्या. ५७ पुरुष, ७ बाया. जिल्ह्याच्या रक्तपेढीची गाडी रात्री आठला परत गेली. प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढले, ६४ हा आकडा फळ्यावर रंगीत खडूनं लिहिला आणि तो फळा दिवाळीपर्यंत कुणी पुसला नाही.

त्या ६४ मध्ये ओ निगेटिव्ह गटाचे तिघं होते. शाळेतले एक गुरुजी, बसथांब्याजवळचा शिलाईवाला आणि बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी. आपल्याकडे शंभरात जेमतेम पाच जणांचं रक्त कुठल्या तरी निगेटिव्ह गटाचं असतं. त्यातही ओ निगेटिव्हचं रक्त कुणालाही चालतं, पण ओ निगेटिव्ह माणसाला फक्त ओ निगेटिव्हच चालतं. एका गावात असे तिघं, म्हणून आम्ही त्या तिघांचा वेगळा फोटो काढला. तो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे.

एक्कावन्नाव्या दिवशीची रात्र

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला बुधवार. गावातली एक सून जिल्ह्याच्या ठिकाणी बाळंत झाली. बाळ सुखरूप, पण आईचा रक्तस्राव थांबेना. तिचा गट ओ निगेटिव्ह. पेढीत त्या गटाची एकच पिशवी होती, ती चढवली गेली. रात्री पावणेदहाला तिच्या दिराचा मला फोन आला. तो रडत नव्हता. "काका, आपल्या गावात तीन जण हायेत ना, तुमी फोटो टाकला होता त्याईचा," एवढंच म्हणाला.

मी गुरुजींकडे धावलो. शिलाईवाल्याला उठवलं, मुलीच्या बापाला फोन केला. तिघंही एका पायावर तयार. आणि गुरुजींच्या दारातच माझ्या लक्षात आलं की पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर ९० दिवस आणि बाईला १२० दिवस देता येत नाही. आमच्या शिबिराला ५१ दिवस झाले होते.

तरी गुरुजी गाडीत बसले. ओळखीच्या काळीपिवळीत त्यांच्यासोबत आणखी सात जण निघाले, शिबिरात ज्यांनी रक्त दिलं नव्हतं ते. त्यातल्या पाच जणांना आपला गट कोणता हेच माहीत नव्हतं. पन्नास किलोमीटर, डिसेंबरची थंडी, मधे कुणी एक शब्द बोललं नाही. पेढीत एकेकाचं बोट टोचलं. दोघांचं हिमोग्लोबिन कमी, रक्त द्यायला किमान साडेबारा लागतं. एक जण संध्याकाळी दारू प्यायला होता. एकानं जत्रेत हातावर गोंदून घेतलं होतं, त्यानंतर वर्षभर चालत नाही. उरलेल्या तिघांचं रक्त निघालं बी पॉझिटिव्ह, ए पॉझिटिव्ह आणि ओ पॉझिटिव्ह.

मग गुरुजी पुढं झाले. "माझं घ्या. माझ्या जबाबदारीवर लिहून देतो." पेढीतल्या तरुण तंत्रज्ञानं त्यांचं कार्ड हातात घेतलं, तारीख पाहिली आणि मान हलवली. गुरुजींनी विनवलं, आवाज चढवला, शेवटी हात जोडले. त्यानं घेतलं नाही. त्या वेळी आम्हाला तो मुलगा दगडाच्या काळजाचा वाटला. आज मी म्हणेन की त्या रात्री त्या खोलीत त्याचंच बरोबर होतं. रक्तातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, तांबड्या पेशी भरायला आठवडे लागतात आणि शरीरातलं लोह सावरायला त्याहून जास्त. तो नियम दात्याच्या जिवासाठी आहे. गुरुजींना स्वतःचा जीव स्वस्त करायची मुभा देणं हे त्याचं काम नव्हतं.

त्यानं दुसरं एक काम केलं. टेबलाच्या खणातून लांबट वही काढली. त्यात निगेटिव्ह गटाच्या लोकांची यादी होती, आणि या लोकांना पेढी मुद्दाम शिबिरात रक्त देऊ नका, आम्ही बोलावू तेव्हा या, असं सांगते. तिसऱ्या फोनला वसतिगृहातला एक विद्यार्थी उठला. रात्री एकला तो सायकलवरून आला आणि रक्त देऊन परत गेला. कुणाला देतोय हेही त्यानं विचारलं नाही. पहाटे बाईचा रक्तस्राव आटोक्यात आला.

ती वाचली. पण आमच्या मंडळानं तिला वाचवलं नाही, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो, कारण नंतर गावात तसं बोललं जायला लागलं होतं.

गुरुवारची बैठक

दुसऱ्या दिवशीच बैठक होती. विषयपत्रिकेवर महिन्याला एकदा भेटण्याचा ठराव. त्या रात्री समाजमंदिरात एकतीस माणसं आली, कित्येक सदस्यही नव्हते. आशाताई, म्हणजे गावातल्या आशा स्वयंसेविका, कधी बैठकीला यायच्या नाहीत, त्या दारात उभ्या होत्या.

सुरुवातीला सगळे पेढीवर घसरले. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात ओ निगेटिव्हची एकच पिशवी कशी? आपण चौसष्ट दिल्या, त्यातल्या तीन कुठं गेल्या? एक जण म्हणाला, ऑक्टोबरची आपली तीन पिशव्यांची ठेव त्याईनं मोडली. याला आशाताईंनी उत्तर दिलं.

"ठेव नाही होत भाऊ रक्ताची. पस्तीस दिवस टिकते पिशवी. तुमच्या त्या तीन पिशव्या दिवाळीत कोणाच्या तरी लेकराले लागल्या असतील, चांगलंच झालं. पण तुमी सगळ्याईचं रक्त एकाच दिवशी काढून टाकलं. आता तीन महिने गाव रिकामं हाय."

कुणी काही बोललं नाही. अध्यक्ष बापूजी एकाहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षं हे शिबिर त्यांनी जिवापाड सांभाळलं. ते हळू आवाजात म्हणाले, "मग महाराजाच्या पुण्यतिथीले आपून काय करायचं? शिबिर बंद करायचं?" त्यांच्या आवाजातलं दुखणं सगळ्यांना कळलं. मला वाटतं बैठक तिथंच फुटली असती, निम्मे बापूजींकडे आणि निम्मे आशाताईंकडे. गुरुजींनी ती सावरली. त्यांनी फळ्यावरचा कोपरा पुसला आणि हिशेब मांडला: पिशवी ३५ दिवस, म्हणजे पाच गुरुवार. पुरुष दाता ९० दिवस, म्हणजे तेरा गुरुवार. बाई १२० दिवस, म्हणजे अठरा गुरुवार धरा.

"आपण गुरुवारी भेटतो ना," ते म्हणाले. "मग हे मोजणं आपल्याशिवाय कोण करेल?"

महिन्याचा ठराव मी मागे घेतला. तो नामंजूर झाला नाही, मतालाच टाकला गेला नाही.

या मुद्द्यावर थोडं थांबावंसं वाटतं. साप्ताहिक बैठक टिकवायची म्हणून आम्ही आधी काय काय केलं होतं! चहा-पोहे ठेवले, पाहुणे वक्ते बोलावले, गैरहजेरीला दहा रुपये दंड लावला. कशानंच माणसं आली नाहीत, कारण बैठकीत असं काहीच घडत नव्हतं जे पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू शकत नव्हतं. खेड्यात आठवडा हा बाजाराचा असतो. मजुरी आठवड्याची, किराणा आठवड्याचा, उधारीचा वायदाही "येत्या बाजाराले देतो" असाच. महिनाभराचा शब्द आमच्याकडे कुणी धरून ठेवत नाही. आठ दिवसांचा ठेवतो. शहरातल्या क्लबांना महिन्यातून दोनदा भेटणं पुरत असेल, त्यांच्याकडे कार्यालय आहे, पगारी माणूस आहे. आमच्याकडे गुरुवार आहे.

वही

आता बैठक कशी चालते ते सांगतो. प्रार्थना झाली की इतिवृत्ताआधी दात्यांची वही उघडते. तीत गावातल्या १३८ जणांची नावं आहेत. नावापुढं रक्तगट, शेवटचं रक्तदान कोणत्या गुरुवारच्या आठवड्यात झालं ते, आणि पुन्हा कोणत्या गुरुवारी मोकळा होणार ते. या आठवड्यात मोकळे झालेल्यांची नावं मोठ्यानं वाचली जातात. ज्याचं नाव निघतं तो हजर असेल तर "हाव" म्हणतो, नसेल तर शेजारी बसलेला निरोप नेतो. याला सहा-सात मिनिटं लागतात. मग सोमवारच्या झाडलोटीला कोण, पाणपोईला कोण, कुणाच्या घरी म्हातारं माणूस आजारी आहे. इतिवृत्त शेवटी, आणि भाषण नाही.

शिबिर बंद केलं नाही. ते चार ठिकाणी वाटलं. पुण्यतिथी, २६ जानेवारीचं झेंडावंदन, ३० एप्रिलची ग्रामजयंती, म्हणजे महाराजांचा जन्मदिवस, आणि १५ ऑगस्ट. प्रत्येक वेळी साधारण पंधरा-वीस जण. एवढ्या थोड्या लोकांसाठी पेढीची गाडी येत नाही, ही पहिली अडचण. शेजारच्या दोन गावांतल्या मंडळांना सोबत घेतलं आणि गाडी तिन्ही गावांत आळीपाळीनं बोलावली. बापूजींनी पुण्यतिथीचा मान आपल्याच गावाकडे ठेवला, बाकीचे सोडले. त्यांच्या वयाच्या माणसाला हे सोपं नव्हतं.

निगेटिव्ह गटाचे सगळे आता राखीव. वहीत त्यांचं पान वेगळं, लाल शाईचं. सध्या त्यात सात जण आहेत, तिन्ही गावं मिळून सोळा. यातल्या कुणीही शिबिरात रक्त द्यायचं नाही. एकानं दिलं की तेरा गुरुवार (बाई असेल तर अठरा) त्याचं नाव मिटतं आणि त्याच्या जागी पुढचा उभा राहतो.

बारा बाया

या सगळ्यात ज्या गोष्टीकडे आमचं कधी लक्षच गेलं नव्हतं ती आशाताईंनी काढली. ऑक्टोबरच्या शिबिरात रांगेला १९ बाया उभ्या राहिल्या होत्या. सात जणींचं रक्त घेतलं, बारा परत पाठवल्या. कारण एकच, हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली. आम्ही त्यांना बिस्किटाचा पुडा दिला, "पुढच्या वर्षी बघू" म्हणालो आणि विसरलो.

"त्या बारा जणी बिनकामाच्या नव्हत्या," आशाताई म्हणाल्या. "त्या बारा जणी आजारी होत्या, आन् तुमाले ते त्याच दिवशी कळलं होतं."

त्यातल्या दोघींचं आठच्याही खाली होतं आणि त्या रोज कापूस वेचायला जात होत्या. वेचणी म्हणजे दिवसभर वाकून, कमरेला ओटी बांधून, उन्हात. चक्कर आली की पाणी प्यायचं आणि पुन्हा वाकायचं. कुणाला ते दुखणं वाटत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही.

आशाताईंनी बारा नावं उपकेंद्राला नेली. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आधीही मिळत होत्या, पण पोटात जात नव्हत्या. कुणाला मळमळायचं, कुणी गोळी सकाळच्या चहासोबत घ्यायचं. चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत किंवा जेवणानंतर थोड्या वेळानं घेतली तर लागते. एवढी साधी गोष्ट सांगायला घरोघरी जावं लागलं. दोघींची सिकलसेलसाठी, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारासाठी, तपासणी केली, कारण आपल्या विदर्भात अशक्तपणामागं सिकलसेल असणं नवल नाही आणि नुसत्या गोळ्यांनी ते जात नाही. एकीच्या रक्तात तो निघाला. तिच्या दोन्ही लेकरांची तपासणी पुढच्या आठवड्यात झाली.

पुढच्या ऑगस्टच्या शिबिरापर्यंत बारापैकी पाच जणींचं हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर गेलं. त्यातल्या तिघींनी रक्त दिलं. उरलेल्या सात जणींची नावं अजून वहीत आहेत, वेगळ्या पानावर, आणि तीही महिन्यातून एकदा वाचली जातात, पण चारचौघांत नाही. ते पान आशाताई आणि बचतगटाच्या दोघी जणी अंगणवाडीत बसून पाहतात. बाईच्या अंगातल्या रक्ताचा आकडा समाजमंदिरात मोठ्यानं वाचायची गोष्ट नाही, हे आम्हाला एका बाईनं रागावून सांगितल्यावर कळलं.

जे जमलं नाही

पहिल्या वर्षीचं ३० एप्रिल फसलं. यादीत वीस नावं होती, आले नऊ. पारा पंचेचाळीसच्या आसपास, त्या दिवशी गावात तीन लग्नं, आणि आम्ही गाडी सकाळी दहाला बोलावलेली. एप्रिल-मे मध्येच पेढ्या कोरड्या पडतात, कारण कॉलेजं बंद असतात आणि रक्त देणारी पोरं गावी जातात. म्हणजे जिथं आमची खरी गरज होती तिथंच आम्ही उणे पडलो. दुसऱ्या वर्षी सकाळी सातला सुरू करून दहाला आटोपलं, आदल्या रात्री भरपूर पाणी प्यायचा निरोप घरोघर दिला, अठरा आले. चक्कर एकालाच आली.

वहीचीही चूक झाली. एका पोरानं नागपूरला कंपनीच्या शिबिरात रक्त दिलं आणि गावात सांगितलं नाही. वही त्याला मोकळा दाखवत होती. तो एका रुग्णासाठी पन्नास किलोमीटर गेला आणि परत पाठवला गेला. तेव्हापासून कुठंही रक्त दिलं तरी कार्डाचा फोटो मला पाठवायचा असं ठरलं आहे. सगळे पाठवतात असं नाही.

आणि बायांची बैठक. रात्री आठला चुलीपुढं असलेली बाई समाजमंदिरात कशी येणार? दुपारी ठेवली तर वेचणी. गुरुवारी साडेआठला, जेवणं उरकल्यावर, अंगणवाडीत घेऊन पाहिली. हिवाळ्यात जमली, पेरणीच्या दिवसांत पुन्हा बंद पडली. आजही वहीतल्या १३८ नावांत बायांची फक्त ३४ आहेत. हे मला खुपतं.

गुरुजींचं एक सांगायचं राहिलं. त्यांनी आयुष्यात छत्तीस वेळा रक्त दिलंय, बहुतेक सगळं पुण्यतिथीला. राखीव यादीत गेल्यापासून त्यांना त्या दिवशी रक्त देता येत नाही. पहिल्या वर्षी शिबिरात सगळे खाटेवर झोपलेले आणि गुरुजी नुसते पाण्याचे ग्लास वाटत होते, तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. पुढं वर्षभराहून जास्त काळ त्यांना एकदाही बोलावणं आलं नाही. परवा फेब्रुवारीत आलं, रात्री साडेबाराला, एका अपघातातल्या मुलासाठी. शिलाईवाल्याची तेरा गुरुवारांची मुदत संपलेली नव्हती, म्हणून पान उलटून गुरुजींना फोन केला. ते पहिल्याच रिंगला उठले.

गेल्या गुरुवारी लाल पान वाचलं. गुरुजी, मेपर्यंत बंद. शिलाईवाला, मोकळा. ती मुलगी लग्न होऊन आर्वीकडे गेली आहे, तिचा नवा नंबर तिच्या आईनं बैठकीत आणून दिला. तिच्या सासरच्या गावात मंडळ आहे का, असं बापूजींनी विचारलं. प्रार्थना होते म्हणे तिथं, आई म्हणाली. बापूजींनी मला ते लिहून घ्यायला सांगितलं.